ग्रहांच्या कक्षा संगणकावर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले बारावी-बीएस्सीचे विद्यार्थी, प्रकल्प करून घेणारे शिक्षक आणि हौसेने प्रोग्राम लिहिणारे यांच्यासाठी ही उत्तरं आहेत. वेग, त्वरण आणि त्रिकोणमिती शाळेत शिकलेली असली की पुरे. वाक्यात सांगितलेली प्रत्येक पायरी पायथन, सी, जावास्क्रिप्ट किंवा एक्सेलमध्ये जशीच्या तशी उतरवता येते.

केपलरची सूत्रं आहेत, पंचांगात ग्रहगणित आहे, मग पावलापावलाने हिशेब कशाला?

एक सूर्य आणि एकच ग्रह असेल तर खरंच गरज नाही. लंबवर्तुळाचं सूत्र नेमकं उत्तर देतं. तिसरा पिंड आला की असं कायम चालणारं सरळ सूत्र उरत नाही. गुरू शनीला ओढतो, शनी गुरूला ओढतो, दोघं मिळून सूर्यालाही हलवतात. तिथे एकच वाट उरते: या क्षणी कोण कुठे आहे ते घ्या, ओढ काढा, थोडं पुढे सरका, पुन्हा ओढ काढा.

जुन्या ग्रहगणिताची पद्धत वेगळी होती. चाळीसगावजवळच्या पाटण इथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी काढलेल्या मठाची नोंद त्यात आहे. ‘सिद्धांतशिरोमणी’ (११५०) मध्ये ग्रहाची जागा मध्यम गतीला संस्कार लावून काढतात आणि त्याच ग्रंथात त्या-त्या क्षणाच्या गतीचा, म्हणजे तात्कालिक गतीचा विचारही आहे. आपला प्रोग्राम प्रत्येक पावलाला ही तात्कालिक गतीच बदलत नेतो. फरक इतकाच, की ती का बदलते याचं कारण आपण न्यूटनच्या नियमातून घेतो. प्रकल्पाच्या प्रस्तावनेत हा दुवा जरूर द्या, तो आपल्या मातीतला आहे आणि विषयाला धरून आहे.

एककं कोणती घ्यावीत? मीटर-किलोग्रॅम चालतील का?

चालतात, पण सूर्यमालेसाठी खगोलीय एकक (१४,९५,९७,८७०.७ किमी), दिवस आणि सूर्याचं वस्तुमान ही तीन एककं घ्या. मग सूर्याचा गुरुत्वस्थिरांक, म्हणजे गुरुत्वीय स्थिरांक गुणिले सूर्याचं वस्तुमान, होतो ०.०००२९५९१२२. पुढे याला ‘मू’ म्हणू.

सोयीपेक्षा मोठं कारण अचूकतेचं आहे. गुरुत्वीय स्थिरांक प्रयोगशाळेत मोजणं फार अवघड असल्यामुळे तो चार-पाच अंकांपर्यंतच भरवशाचा आहे, आणि म्हणून सूर्याचं किलोग्रॅममधलं वस्तुमानही तितकंच. दोघांचा गुणाकार मात्र ग्रहांच्या गतीवरून दहा अंकांपर्यंत माहीत आहे. पुस्तकातून दोन आकडे वेगवेगळे घेऊन गुणले, की पाचव्या अंकाशी चूक शिरते आणि वर्ष काही मिनिटांनी चुकतं. ग्रहांची वस्तुमानंही सूर्याच्या अपूर्णांकात लिहा: गुरू १/१०४७.३५, शनी १/३४९८.

पहिला प्रोग्राम नेमका कसा लिहायचा?

सूर्य मध्यावर स्थिर, एकटी पृथ्वी, कागदासारखी सपाट कक्षा. पृथ्वी उपसूर्य बिंदूवर ठेवा, म्हणजे सूर्याच्या सर्वांत जवळ. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती खरोखरच तिथे असते.

सुरुवातीचे आकडे: क्ष = ०.९८३२९, य = ०, वेग-क्ष = ०, वेग-य = ०.०१७४९२ (खगोलीय एकक प्रतिदिन, म्हणजे सेकंदाला सुमारे ३०.२९ किमी). पाऊल, म्हणजे एका वेळी पुढे सरकायचा काळ, एक दिवसाचं.

दर पावलाला क्रम असा. आताच्या जागेवरून सूर्यापासूनचं अंतर अं काढा. त्वरण-क्ष = −मू × क्ष ÷ अं³, त्वरण-य = −मू × य ÷ अं³. दोन्ही वेगांत अर्ध्या पावलाचं त्वरण मिळवा. या नव्या वेगाने जागा पूर्ण पाऊलभर पुढे सरकवा. नव्या जागेवर त्वरण पुन्हा काढा आणि वेगात उरलेलं अर्धं पाऊल मिळवा. झालं एक पाऊल. या पद्धतीला व्हर्लेट किंवा लीपफ्रॉग म्हणतात.

पहिलं पाऊल हाताने ताडून पाहा. सुरुवातीचं त्वरण-क्ष −०.०००३०६०५५ येतं. अर्ध्या धक्क्यानंतर वेग-क्ष −०.०००१५३०२८. जागा सरकल्यावर क्ष = ०.९८३१३७ आणि य = ०.०१७४९२, अंतर ०.९८३२९२६. नवं त्वरण-क्ष −०.०००३०६००५ आणि त्वरण-य −०.००००५४४४ नव्हे, −०.०००००५४४४ (शून्यं मोजूनच लिहा, इथे बरेच जण घसरतात). शेवटी वेग-क्ष −०.०००३०६०३० आणि वेग-य ०.०१७४८९२८.

आता क्ष × वेग-य − य × वेग-क्ष हा हिशेब करा. सुरुवातीला तो ०.०१७१९९७१ होता, पावलानंतरही ०.०१७१९९७१ च आहे. हा दर एकक वस्तुमानाचा कोनीय संवेग. एकाच केंद्राकडे ओढ असेल तर व्हर्लेट पद्धत तो काटेकोर राखते. तुमच्या प्रोग्रामचे आकडे इथपर्यंत जुळले, तर पाया पक्का आहे. पुढे साधारण १८२.६ दिवसांनी पृथ्वी समोरच्या बाजूला अपसूर्य बिंदूवर, १.०१६७ एककांवर पोचली पाहिजे.

माझी पृथ्वी दर फेरीला बाहेर बाहेर जाते. काय चुकलं?

जवळजवळ नक्कीच तुम्ही ऑयलरची सरळ पद्धत वापरली आहे: जुन्या वेगाने जागा सरकवायची, जुन्या त्वरणाने वेग बदलायचा. ती चुकीची टाइप झालेली नाही, पद्धतच कक्षेला धार्जिणी नाही. कन्नड घाटाच्या वळणावर गाडी दर वेळी स्पर्शरेषेत सरळ काढत राहिलात तर ती रस्त्याच्या बाहेरच्या कडेला जाणार, तसं इथे दर पावलाला होतं.

किती बाहेर, तेही सांगता येतं. वर्तुळाकार कक्षेत दर पावलाला कोनीय संवेग (कोनीय वेग × पाऊल) च्या वर्गाइतक्या प्रमाणात वाढतो. पृथ्वीसाठी एक दिवसाचं पाऊल घेतलं तर हा वर्ग ०.०००२९६ भरतो. वर्षभरात कक्षेची त्रिज्या सुमारे १८ टक्के वाढते आणि दहा वर्षांत जवळपास दुप्पट होते. पाऊल दहापट लहान केलं की चूकही दहापटच कमी होते, म्हणजे ती जात नाही, लांबते.

सर्वांत स्वस्त दुरुस्ती: आधी वेग बदला आणि मग *नव्या* वेगाने जागा सरकवा. दोन ओळींची अदलाबदल केली की कक्षा बंद होते. त्याहून चांगली दुरुस्ती म्हणजे वरची व्हर्लेट. मेहनत तितकीच, कारण पावलाच्या शेवटी काढलेलं त्वरण पुढच्या पावलाच्या सुरुवातीला पुन्हा वापरता येतं.

सर म्हणतात रुंगे-कुट्टा वापरा, ती चौथ्या श्रेणीची आहे. मग व्हर्लेट का?

रुंगे-कुट्टा म्हणजे एका पावलात चार वेळा त्वरण काढून त्यांची सरासरी लावणारी पद्धत. सरांचं म्हणणं बरोबर आहे, पण प्रश्न किती काळाचा आहे ते विचारा. काही दशकांसाठी, तेवढ्याच पावलात, रुंगे-कुट्टा व्हर्लेटपेक्षा खूपच अचूक ठरते. तिथे ती बेधडक वापरा. तिचा दोष लांब पल्ल्यात दिसतो: ऊर्जेतली चूक अगदी बारीक असली तरी एकाच दिशेने साठत जाते. लाखो वर्षांच्या हिशेबात, विशेषतः बुधासारख्या वेगवान ग्रहाच्या बाबतीत, ती कक्षा बदलून टाकते. व्हर्लेटमध्ये ऊर्जा प्रत्येक फेरीत वर-खाली होते पण मूळ किमतीभोवतीच राहते.

व्हर्लेटचा दोष दुसरा आहे, तो लपवू नये. कक्षेचा आकार टिकतो, पण ग्रह कक्षेवर मागे पडतो. एक दिवसाच्या पावलाने पृथ्वी वर्षाला साधारण दोन कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) मागे पडते. सहा तासांचं पाऊल घेतलं की ही चूक सोळापट कमी, म्हणजे सुमारे आठ विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग). म्हणून चित्र सुंदर दिसतं एवढ्यावर ‘ग्रह अमुक तारखेला अमुक ठिकाणी असेल’ असं म्हणू नका.

सायपाय या पायथनच्या गणित-संचातलं कक्षा सोडवणारं तयार फंक्शन वापरणाऱ्यांसाठी एक खास सूचना. त्याची मूळ सापेक्ष सहनमर्यादा हजारात एक एवढी सैल असते. ती न बदलता पृथ्वी फिरवली की ती भरकटते आणि दोष गुरुत्वाकर्षणाला लागतो. मर्यादा दहा-बारा दशांश स्थळांपर्यंत घट्ट करा.

पाऊल किती ठेवायचं?

सर्वांत झपाट्याने फिरणाऱ्या पिंडावरून ठरवा. बुधाची फेरी ८७.९७ दिवसांची, पण उपसूर्याजवळ त्याचा वेग सेकंदाला ५९ किमी आणि अपसूर्याला ३९ किमी. म्हणजे सरासरीवरून काढलेलं पाऊल जवळच्या टोकाला मोठं पडतं. आठही ग्रहांसाठी सहा तास हे चांगलं सुरुवातीचं पाऊल आहे. चंद्र घेतलात तर एक तास. फक्त गुरू ते नेपच्यून असतील तर पाच-दहा दिवसही पुरतात.

ठरवलेलं पाऊल पुरेसं आहे की नाही याची एकच खरी कसोटी: तोच प्रोग्राम निम्म्या पावलाने पुन्हा चालवा आणि शेवटच्या जागा ताडा. व्हर्लेटमध्ये चूक चौथाईवर आली पाहिजे, रुंगे-कुट्टात सोळाव्या भागावर. तसं झालं नाही तर पद्धत लिहिताना कुठेतरी चूक आहे, जरी चित्र गोल दिसत असलं तरी. अहवालात पाऊल आणि चूक यांचा असा तक्ता असलाच पाहिजे असं आमचं ठाम मत आहे. रंगीत ॲनिमेशनपेक्षा त्याची किंमत जास्त.

उत्तर बरोबर आहे हे आणखी कशावरून ओळखायचं?

ऊर्जा: वेगाच्या वर्गाचं अर्धं वजा (मू ÷ अं). वरच्या पृथ्वीसाठी ती −०.०००१४७९५६ आहे. दर शंभर पावलांनी (आताची − पहिली) ÷ पहिली हा भागाकार काढून त्याचा आलेख काढा. खाली-वर डुलणारी रेषा ठीक, एका बाजूला चढणारी रेषा म्हणजे बिघाड.

अनेक पिंड असतील तर एकूण ऊर्जेत प्रत्येक *जोडीची* स्थितिज ऊर्जा एकदाच धरायची. दोन लूप लावून ती दोनदा मोजली जाते आणि मग ऊर्जा ‘टिकत नाही’ म्हणून लोक पद्धतीला दोष देतात.

कोनीय संवेग कुठल्याही पावलाला स्थिर राहायला हवा. बदलला तर बहुधा अ ने ब ला ओढलं पण ब ने अ ला तेवढंच ओढलं नाही, किंवा त्वरणात एका अक्षाचं चिन्ह उलटं पडलं आहे.

उलटा प्रवास हीसुद्धा छान परीक्षा आहे. हजार पावलं पुढे जा, पावलाचं चिन्ह ऋण करा, हजार पावलं मागे या. व्हर्लेट तुम्हाला शेवटच्या काही अंकांचा फरक सोडून सुरुवातीच्याच जागी आणते. ऑयलर आणत नाही.

सूर्य स्थिर ठेवला तर चालेल?

पहिल्या प्रोग्रामपुरता. गुरू आला की सूर्याला मोकळं सोडा. गुरूमुळे सूर्य सेकंदाला सुमारे १२.५ मीटर वेगाने डुलतो आणि दोघांचा द्रव्यमानमध्य (दोघांच्या वस्तुमानांचा समतोल बिंदू) सूर्याच्या पृष्ठभागाच्या किंचित बाहेर पडतो. सूर्य खिळवून ठेवला तर तेवढ्याच कक्षेसाठी गुरूची बारा वर्षांची फेरी सुमारे दोन दिवसांनी लांबते.

सूर्य मोकळा सोडल्यावर हमखास येणारी तक्रार: “सगळी सूर्यमालाच पडद्याच्या बाहेर चालली.” सगळ्यांच्या वस्तुमान × वेग यांची बेरीज शून्य नाही म्हणून असं होतं. सुरुवातीलाच ती बेरीज काढा, एकूण वस्तुमानाने भागा आणि येणारा वेग प्रत्येक पिंडातून, सूर्यातूनही, वजा करा. जागांचंही तसंच.

सुरुवातीच्या खऱ्या जागा आणि वेग कुठून घ्यायचे?

नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीची ‘होरायझन्स’ ही मोफत सेवा. तिथे सदिश तक्ता निवडा, केंद्र म्हणून सौरमालेचा द्रव्यमानमध्य, एकक खगोलीय एकक आणि दिवस, प्रतल २००० सालचं क्रांतिवृत्त (म्हणजे पृथ्वीच्या कक्षेचं प्रतल). सगळ्या पिंडांसाठी एकच क्षण घ्या. १ जानेवारी २००० दुपारी १२ (ज्युलियन दिनांक २४५१५४५.०) हा सोयीचा.

इथली सर्वांत महाग चूक पृथ्वीची आहे. यादीत ‘पृथ्वी’ आणि ‘पृथ्वी-चंद्र द्रव्यमानमध्य’ अशा दोन नोंदी आहेत. प्रोग्राममध्ये चंद्र नसेल तर दुसरीच घ्या आणि वस्तुमान दोघांचं मिळून द्या. चंद्रामुळे पृथ्वी त्या मध्याभोवती सेकंदाला सुमारे १२.४ मीटर वेगाने फिरते. चंद्र वगळून नुसत्या पृथ्वीचा वेग घेतला, तर हे डुलणं कायमचा वेग म्हणून शिरतं आणि वर्ष अर्ध्या दिवसापर्यंत चुकू शकतं. गुरू-शनीसाठीही उपग्रहांसकट असलेली नोंद घ्यावी.

वेगवेगळ्या पुस्तकांतून ‘सूर्यापासूनचं सरासरी अंतर’ आणि ‘सरासरी वेग’ घेऊन सगळे ग्रह एका रांगेत उभे करणं शाळेच्या प्रदर्शनात चालतं. त्यावरून तारीख मात्र काढता येत नाही.

प्रोग्रामचं उत्तर पंचांगाशी किंवा खऱ्या आकाशाशी कसं ताडायचं?

प्रोग्राम सूर्याभोवतीच्या जागा देतो, आपण पृथ्वीवरून बघतो. म्हणून ग्रहाच्या जागेतून पृथ्वीची जागा वजा करा, मग क्ष-य वरून कोन काढा. त्यासाठी दोन बाजू घेणारं व्यस्त टॅन फंक्शन वापरा. साधं वापरलं तर १८० अंशांनी उलट उत्तर येऊ शकतं. पंचांगातले भोगांश (क्रांतिवृत्तावर मोजलेला ग्रहाचा कोन) निरयन असतात, म्हणजे सायन, वसंतसंपातापासून मोजलेल्या, भोगांशातून अयनांश (सध्या २४ अंशांहून थोडे जास्त) वजा केलेले. तेवढं न धरता ताडलं तर ग्रह जवळपास एक रास पुढे दिसतो आणि विद्यार्थी घाबरतो.

उत्तम परीक्षा म्हणजे २१ डिसेंबर २०२० ची गुरू-शनी युती. १ जानेवारी २००० च्या दुपारपासून बरोबर ७६६० दिवस पुढे गेलात की २१ डिसेंबर २०२० ची भारतीय संध्याकाळ, साधारण साडेपाच, येते. सूर्य आणि आठ ग्रह, सहा तासांचं पाऊल. पृथ्वीवरून दोन्ही ग्रह सुमारे ३०० अंशांवर आणि एकमेकांपासून सहा कलांच्या आसपास दिसले पाहिजेत. त्या दिवशी अयनांश सुमारे २४ अंश ८ कला होते, म्हणून निरयन मोजणीत दोघंही मकर राशीत सहा अंशांवर येतात. एक दिवसाचं पाऊल घेतलंत तर एकवीस वर्षांत पृथ्वी पाऊण अंश मागे पडलेली असते आणि दोघांमधलं अंतर कलांनी बिघडतं. प्रकाशाला यायला लागणारा वेळ धरला नाही तर मात्र फरक काही विकलांचाच.

क्षितिजावरची उंची हवी असेल तर पृथ्वीचं स्वतःभोवतीचं फिरणंही धरावं लागतं. जळगावचे अक्षांश सुमारे २१.० उत्तर, रेखांश ७५.५६ पूर्व. आपली स्थानिक मध्यम वेळ घड्याळापेक्षा सुमारे २८ मिनिटं मागे असते. ही २८ मिनिटं विसरली की आकाश सात अंशांनी सरकतं.

प्रोग्राम चालतो पण ग्रह सरळ रेषेत उडून जातो, किंवा ‘संख्या नाही’ असा निकाल येतो.

या क्रमाने बघा. त्वरणाच्या सूत्रात अंतराचा घन आहे की वर्ग? दिशेसाठी क्ष ने गुणलं असेल तर खाली घनच हवा. ऋण चिन्ह आहे का? पिंड स्वतःलाच ओढत नाही ना? अंतर शून्य झालं की भागाकार कोसळतो आणि ‘संख्या नाही’ असं येतं. वेग सेकंदाचा आणि पाऊल दिवसाचं असं मिश्रण आहे का?

पायथनमध्ये घातासाठी दोन तारे लागतात, टोपीचं चिन्ह नाही. नमपाय या पायथनच्या संख्या-संचातली यादी ‘जुनी = नवी’ असं लिहून जपली जात नाही. दोन्ही नावं एकाच जागेला चिकटतात आणि नवी बदलली की जुनीही बदलते. प्रत काढावी लागते.

आणखी एक चूक सहज दिसत नाही. पहिल्या ग्रहाची जागा सरकवली आणि मग त्याच नव्या जागेवरून दुसऱ्याची ओढ काढली, तर दोन पिंड वेगळ्या क्षणांवर उभे असतात. आधी *सगळ्यांची* त्वरणं, मग *सगळ्यांच्या* जागा.

कक्षा लांबट दिसत असेल तर हिशेबाआधी आलेख तपासा. दोन्ही अक्षांचं प्रमाण समान केलेलं नसतं.

गेम इंजिनमध्ये केलं तर ग्रह थरथरतो. का?

तिथे सहसा एकेरी अचूकतेच्या संख्या असतात, सात अंकांच्या. मीटर एककात पृथ्वीच्या अंतरावर अशा दोन शेजारच्या संख्यांमध्ये १६,३८४ मीटरची फट असते. पृथ्वी सेकंदाला ३० किमी सरकते, म्हणजे सेकंदाच्या पावलात दोनच खाचा. दुहेरी अचूकतेत हीच फट मिलिमीटरच्या तिसाव्या भागाएवढी होते. हिशेब दुहेरीत ठेवा, फक्त चित्र काढताना एकेरीत उतरवा.

बुधाचे ते प्रसिद्ध ४३ विकला दाखवता येतील का?

येतात, पण हा नवशिक्यांचा प्रकल्प नाही. बुधाचा उपसूर्य बिंदू शंभर वर्षांत इतर ग्रहांच्या ओढीमुळे सुमारे ५३२ विकला सरकतो आणि सापेक्षतेमुळे आणखी ४३. एकट्या बुधासाठी न्यूटनच्या त्वरणाला १ + ३ल² ÷ (अं² × प्रकाशवेग²) ने गुणा, इथे ल म्हणजे दर एकक वस्तुमानाचा कोनीय संवेग. ही भर अगदी एवढीशी आहे: सरासरी ०.०००००००७३ धरून चला.

अडचण अशी, की व्हर्लेट पद्धत स्वतःच उपसूर्य बिंदू सरकवते आणि मोठ्या पावलाला ते सरकणं ४३ विकलांना सहज गिळून टाकतं. म्हणून आधी भर न घालता एकटा बुध चालवा. उपसूर्य हलला नाही पाहिजे. जेवढा हलतो ती तुमच्या पावलाची चूक. ती विकलेच्या खाली येईपर्यंत पाऊल लहान करा किंवा इथे रुंगे-कुट्टा घ्या. मगच भर घाला. उपसूर्याचा कोन सर्वांत जवळच्या नमुन्यावरून काढू नका, दर पावलाच्या जागा-वेगावरून लंबवर्तुळाच्या अक्षाची दिशा काढा.

फक्त एक्सेल आहे. जमेल?

छान जमतं. आठ स्तंभ: क्ष, य, वेग-क्ष, वेग-य, अंतर, त्वरण-क्ष, त्वरण-य आणि ऊर्जा. पुढच्या ओळीचा क्ष = जुना क्ष + जुना वेग × पाऊल + जुनं त्वरण × पाऊल² ÷ २. अंतर आणि त्वरण या नव्या जागेवरून. नवा वेग = जुना वेग + (जुनं त्वरण + नवं त्वरण) ÷ २ × पाऊल. मू आणि पाऊल वेगळ्या खान्यांत ठेवून डॉलरचं चिन्ह लावा, नाहीतर ओढून भरताना संदर्भ सरकतो. ‘वर्तुळाकार संदर्भ’ अशी सूचना आली तर क्ष च्या सूत्रात चुकून नव्या ओळीचा वेग घेतला आहे. ३६६ ओळींत वर्ष पूर्ण.

धूमकेतू किंवा जवळून जाणारा लघुग्रह घेतला की सगळं बिघडतं.

ठरावीक पाऊल तिथे पुरत नाही. हॅलेचा धूमकेतू सूर्याजवळ सेकंदाला सुमारे ५४ किमी वेगाने जातो आणि दूरच्या टोकाला एक किमीहूनही कमी. ॲपोफिस लघुग्रह १३ एप्रिल २०२९ ला पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ३८,००० किमीवरून जाणार आहे. पृथ्वीच्या तुलनेत तो तेव्हा दिवसाला सहा लाख किमीहून जास्त कापेल अशा वेगाने जातो, म्हणजे दिवसाच्या पावलाला तो पृथ्वीला न ओळखताच पलीकडे जाईल, किंवा एखादं पाऊल नेमकं जवळ पडून त्याला भलताच धक्का बसेल. अशा वेळी चुकीनुसार पाऊल बदलणारी पद्धत घ्या. ‘रीबाउंड’ या मोफत पायथन संचात अशी ‘आयएएस१५’ नावाची पद्धत तयार आहे. व्हर्लेटमध्येच पाऊल मनाला येईल तसं लहान-मोठं करू नका, तिचा ऊर्जा राखण्याचा गुण त्याने जातो.

किती वर्षं पुढचं सांगता येतं?

साध्या प्रोग्रामने काही शतकं नीट सांगता येतात. कोट्यवधी वर्षांचं मात्र कोणालाच नेमकं सांगता येत नाही. आतल्या ग्रहांच्या कक्षांमध्ये सुरुवातीचा बारीक फरक साधारण पन्नास लाख वर्षांत अडीच-तीनपट होतो. म्हणून तिथे एक उत्तर काढत नाहीत, अनेक काढतात. जाक लास्कार आणि मिकाएल गास्तिनो यांनी २००९ मध्ये बुधाची सुरुवातीची जागा किंचित बदलत २,५०१ वेळा पाच अब्ज वर्षांचा हिशेब केला. सुमारे एक टक्का वेळा बुधाची कक्षा फार लांबट झाली.

वीज गेली की रात्रभराचं काम जातं. उपाय?

खेड्यात भारनियमन आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास पारा, दोन्ही धरूनच प्रोग्राम लिहा. दर काही मिनिटांनी दिवस, जागा आणि वेग फाइलमध्ये लिहा. आधी तात्पुरत्या नावाने लिहा, पूर्ण झाल्यावर नाव बदला, म्हणजे लिहितानाच वीज गेली तरी जुनी फाइल शाबूत राहते. आकडे १७ सार्थ अंकांसह लिहा. सहा दशांशांवर कापले तर खगोलीय एककात ती कात्री दीडशे किमीची असते, आणि पुन्हा सुरू केलेली कक्षा पहिल्यासारखी राहत नाही. खात्रीसाठी सलग चालवलेला आणि मध्ये तोडून जोडलेला हिशेब शेवटच्या अंकापर्यंत सारखा येतो का ते एकदा बघा.

उन्हाळ्यात लॅपटॉप तापला की स्वतःहून वेग कमी करतो. उत्तर चुकत नाही, वेळ वाढतो. सूर्य आणि आठ ग्रह मिळून ३६ जोड्या होतात. सहा तासांच्या पावलाने हजार वर्षांना साध्या पायथनमध्ये काही मिनिटं लागतात. इतक्या कमी पिंडांना नमपायने फारसा वेग येत नाही. सी मध्ये लिहा किंवा पायथनचा वेग वाढवणारा ‘नंबा’ हा संच वापरा. संगणकच नसेल तर मोबाइलच्या ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडतं, पण बराच वेळ हात लावला नाही तर ते बंद होतं, म्हणून तिथेही मधली फाइल ड्राइव्हवर ठेवा.